भोपूची सोंड

बसा. लाइट गेली की पिंजायचं मशीन बंद पडतं आणि गिऱ्हाइकाची गादी अर्धी उसवलेली तशीच राहते. मेणबत्ती लावतो. भारनियमनाचं काही खरं नसतं, तास जाईल, दोन तास जातील. आमचे मालक काशिरामकाका म्हणतात, विठूच्या तोंडातच कापूस भरलाय. खरंच मी फारसा बोलत नाही. पण तो पट्ट्यापट्ट्यांचा हत्ती खिळ्याला का टांगलाय, असं तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो.

आठवीतून शाळा सुटली तेव्हापासून मी या दुकानात आहे. काकांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, ज्याचा कापूस त्याच्याच खोळीत गेला पाहिजे. आणि माणूस गेल्यावर त्याची गादी पिंजायला घ्यायची नाही. ती टाकून द्यायची. म्हणून गादी घेताना काका प्रत्येकाला विचारतात, "घरात सगळे बरे आहेत ना?" लोकांना वाटतं, म्हातारा प्रेमळ आहे. तुम्हालाही मघाशी विचारलं असेल.

माझी बहीण सुनिता रोडपालीला राहते. दाजी तळोज्याला कंपनीत आहेत, शिफ्टमध्ये. त्यांची मुलगी समृद्धी, आमची समू, तेव्हा चार वर्षांची होती. खोळीच्या उरलेल्या कापडाचा एक हत्ती मी तिला शिवून दिला होता. ती त्याला भोपू म्हणायची. झोपताना त्याची सोंड तोंडात धरायची, इतकी की सोंडेचे निळे पट्टे पांढरे झाले होते.

एका रविवारी मायलेकी उरण नाक्यावरून मासळी घेऊन सहा आसनी रिक्षाने घरी गेल्या. पिशवी उतरली, समू उतरली, भोपू उतरला नाही. मी स्टँडवर जाऊन एकेका रिक्षावाल्याला विचारलं. त्यातला एक हसला. "हत्ती हरवलाय? मग कर्नाळ्याच्या जंगलात बघ."

समू रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ताट घेऊन दारात बसली आणि म्हणाली, "भोपू आला का जेवीन."

सुनिता मला म्हणाली, "इठू, दुसरा शिव बाबा. पोरीच्या पोटात अन्नाचा कण नाय."

कापड तेच होतं. कापूसही तयार होता. किशोरीताई नावाच्या बाईंनी एक छोटी गादी आणली होती, तिच्या दोन उशा करून द्या म्हणून. शनिवारीच मी उशा शिवून सायकलवरून त्यांच्या घरी पोचवल्या होत्या. मूठ-दोन मूठ कापूस उरला, तो परत द्यायला गेलो तर त्या म्हणाल्या, "राहू दे तुमच्याकडे." तोच मी नव्या हत्तीत भरला. पिंजताना त्या कापसाला छातीला चोळायच्या मलमाचा वास आला होता. मी लक्ष दिलं नाही. गाद्यांना कसलेही वास असतात.

समूने हत्ती हातात घेतला, हुंगला. "ह्यो माजा नाय." मग त्याला कुशीत घेतलं. "पन र्‍हाऊ दे. ह्याला बरं नाय."

ती जेवली. आम्हाला तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तेव्हा तिकडेही लाइट नव्हती. चिमणी पेटवलेली. खोलीत रॉकेलचा वास, आणि त्याच्या आतून तो मलमाचा. सुनिता भिंतीला टेकून बसली होती. "रातीपासून पोरीला दम लागलाय," ती हळू बोलली. "डाक्टरनं तपासली. छाती साफ हाय म्हनतो. मग ह्यो आवाज कसला रं?"

आवाज मलाही येत होता. बारीक शिट्टीसारखा. श्वास आत जाताना अडकायचा... मग सुटायचा... मग पुन्हा अडकायचा. समूचे ओठ फिके पडले होते. मी तिला मांडीवर घेतलं.

"मी नाय, मामा," ती म्हणाली. "मी त्याच्यासंगं श्वास घेते. त्याला एकट्याला भ्या वाटतं. थांब, मी श्वास धरते... तू आईक."

तिने तोंड मिटलं, दोन बोटांनी नाक दाबलं. चिमणीची वात तेवढी हलत होती. सुनिताने पदर तोंडाला लावला.

आवाज थांबला नाही. तिच्या कुशीतून येत होता. मी हत्तीवर हात ठेवला. त्याचं पोट वर येत होतं... खाली जात होतं...

मी सायकल काढली आणि किशोरीताईंकडे गेलो. म्हणालो, "ताई... काकांनी विचारलं होतं ना, घरात सगळे बरे आहेत ना..."

त्यांनी दाराची चौकट धरली. "सगळे म्हणाले, गादी खाडीत टाक," त्या म्हणाल्या. "माझ्या शैलेशची होती. पाच वर्षांचा होता. दम्यात गेला. मला नाही टाकवली. उशाला घेते रोज. काकांशी खोटं बोलले."

मी हत्तीचं सांगितलं. त्यांनी एकदाही खोटं आहे म्हटलं नाही. तशाच चपला घालून निघाल्या.

समूच्या समोर त्या जमिनीवर बसल्या. "मला देशील?"

"तुजा हाय?"

"माझा आहे."

समूने लगेच दिला. त्यांनी हत्तीला खांद्यावर घेतलं आणि तळव्याची ओंजळ करून पाठीवर थोपटू लागल्या, खालून वर, खालून वर. "सरळ बस हं शैलू... घाई नको... आई आहे..." शिट्टी लांबत गेली, बारीक होत गेली. मग चिमणीच्या वातीचाच आवाज राहिला.

त्या दारातून निघाल्या तेव्हा समू म्हणाली, "माजा भोपू त्याच्याजवल हाय. त्याला सांग, जपून खेल."

त्या रात्री समू स्वस्थ झोपली. भोपूला पुन्हा शोधलं नाही.

आठवड्याने किशोरीताई दुकानात आल्या. एक उशी टोचते म्हणाल्या. शिवण माझीच होती, शेवटची गाठ माझीच. कुठेही टाका सुटलेला नव्हता. मी उसवलं. कापसाच्या मधोमध भोपू होता. समूचा, पहिला, पांढऱ्या सोंडेचा. उशी शनिवारी शिवली होती, हा रविवारी हरवला होता.

ताई घाबरल्या नाहीत. सोंडेवरून बोट फिरवून म्हणाल्या, "त्यालाही चावायची सवय होती. मुलीला देऊन टाका."

सोंड ओली होती. मी दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवला. हत्ती कडक वाळला, सोंड नाही. तसाच समूकडे नेला. तिने सोंड चाचपली आणि परत माझ्या हातात दिला.

"त्याचं खेलून नाय झालं, मामा. सुकली का दे."

आता ती शाळेत जाते. अजून विचारते, सुकली का. मी तिच्याशी खोटं बोलत नाही, म्हणून इथे खिळ्याला टांगलाय, रोज बघतो.

लाइट येईल आता. हात लावून बघा ना तुम्ही. काही करत नाही तो... फक्त हळू धरा, कधी कधी पलीकडून ओढतो.