किटलीची डावी बाजू

सम्राटच्या सायकलची चेन पडली ती नेमकी करुणाच्या दारात. म्हणजे केडगावात एवढी दारं असताना... असो! करुणा तांब्याने पाणी ओतत होती, तो काळे हात चोळत होता, आणि एकदम त्याची नजर आतल्या फळीवर गेली ती तिथंच अडकली.

"ती किटली कुठली हाय?"

"चीनची," करुणा ऐटीत म्हणाली.

मिशनमधल्या म्हाताऱ्या मॅडमनी मायदेशी जाताना ती चिनी मातीची किटली करुणाच्या आत्याला, धुरपदाला दिली होती. तेव्हाच शंभर वर्षांची होती म्हणे. सम्राट दौंडचा, बारावी झालेला, पुण्याच्या चित्रकला कॉलेजच्या परीक्षेची तयारी करणारा. मग काय, दर रविवारी तो किटली काढायला येऊ लागला. काढून काढून झिजणार तर नाही ना, असं आत्या चहा देताना विचारायची.

करुणा किटली मांडायची ती डावी बाजू भिंतीकडे करून. त्या बाजूला तडा होता आणि तड्यावर तो सांधणारे सात पितळी टाके. स्वतःही तशीच बसायची, उजवा गाल पुढे करून. लहानपणी पत्र्यावर पडल्याची डावीकडची टाक्यांची खूण ओढणीत लपवून... ऐन मे महिन्यात! त्याने ती पाहिली, तर पुढच्या रविवारी येईल का तो?

तो मात्र किटलीतच बुडालेला. तोटीचं टोक, तोंडाची कड आणि कानाचा माथा कसे एका रेषेत आहेत, ते त्याने तिला दाखवलं. किटलीवर रंगवलेल्या बगळ्याच्या पंखात ब्रश टेकला तिथं निळा गडद, उचलला तिथं फिका. इतकी वर्षं करुणाला ती नुसती किटली दिसत होती. आता माठाचं पोटसुद्धा तिला देखणं वाटायला लागलं!

परीक्षेआधीच्या शेवटच्या रविवारी ती गिरणीवरून आली, तर किटली फिरवलेली. कागदावर सातही टाके.

तिने कागदावर बोट ठेवलं. "ही बाजू कशाला काढलीस?"

"दुसरा बगळा इकडं हाय. चार रविवार तू एकच दाखवलास."

"आन् ते टाके?"

"त्यांच्यामुळंच तर किटली राहिली. टाके घालणारा भेटला असता, तर थँक्यू म्हणलो असतो... दोघांनाबी."

"दोघं कोण?"

तो पेन्सिलीला टोक करत राहिला. मान वर न करता म्हणाला, "एक चीनचा. आन् एक – तुझ्या गालाचा डॉक्टर."

करुणाने हातातला पिठाचा डबा छातीशी धरला. "कवा बघितलंस?"

"पहिल्याच दिवशी. तू पाणी ओतत होतीस तवा."

म्हणजे चार रविवार ओढणीत उकडून घेतलं ते फुकटच! तिला हसू आलं, डोळेही भरले. डबा खाली ठेवून तिने स्टूल उचललं आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला मांडलं. डावा गाल त्याच्याकडे करून ओढणी खांद्यावर टाकली.

"कागद उरलाय?"

"एक."

"मग काढ."

तो बघत राहिला. पेन्सिल काही हलेना. करुणाने मात्र मनातल्या मनात त्या दोघांना थँक्यू म्हटलं... आणि तिसरं, सायकलच्या चेनला.