हिरव्या पुडीमागचा दिवा

पेट्रोल पंपावरच्या माणसाशी मी कडाकडा भांडत होते. टाकी काठोकाठ भरली म्हणतोस, मग पेट्रोल संपल्याचा पिवळा दिवा अजून जळतो कसा? तेवढ्यात मागच्या मोटारसायकलवरून एकजण उतरला, माझ्या व्हॅनखाली वाकला आणि टाकीवर बोटांनी टकटक केली... कलिंगड पारखावं तशी.

"टाकी भरलीय, बाईसाहेब. दिवा खोटं बोलतोय."

"आणि तुम्ही कोण, पंपाचे वकील?"

"मिस्त्री. नाव आ-मू. फुली गावच्या स्टेशनमागे गॅरेज आहे. भांडण आटोपलं की या."

भांडण आटोपलं नाही, पण मी गेले. त्याने आधी वायरचा जोड पुसून पाहिला. दिवा तसाच. मग मागची सीट उचलली, टाकीचं झाकण उघडलं आणि आतून एक काडी काढली, टोकाला लहानसा गोळा.

"हा पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल उतरलं की हाही उतरतो, मग दिवा लागतो. तुझा फुटलाय. वर पूर आला तरी हा आपला तळाशी फुगून बसलेला." त्याने माझ्याकडे तिरपं पाहिलं. "गाडी मालकिणीवर गेलीय."

हसू दाबायला मला ओठ दातांखाली धरावे लागले.

नवा गोळा बसला. दिवा विझला. निघताना त्याने स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या काचेपुढे मक्याच्या खाऊची हिरवी पुडी खोचली. आमच्याकडे लिफ्टपासून इस्पितळातल्या यंत्रांपर्यंत सगळ्यांपुढे ही पुडी असते. यंत्र शहाण्यासारखं वागतं. हिरवीच हवी, पिवळी ठेवली तर रुसतं. पुडीवर त्याने शाईने माझं नाव लिहिलं होतं, वेइलान.

"महिनाभर काढू नकोस," तो म्हणाला.

मग ऑगस्ट आला. डोंगर पिवळा, वाट पिवळी, हातांच्या रेषा पिवळ्या. सोनसुई म्हणजे आमच्या डोंगरावरचं खायचं पिवळं फूल; त्याच्या कळ्या पहाटेच खुडायच्या. खुडल्या तरी त्या थांबत नाहीत. दुपारच्या आत वाळवायच्या भट्टीवर पोचल्या नाहीत, तर टोपलीतच उमलतात. आणि उमललेल्या फुलाला व्यापारी हात लावत नाही.

त्या दिवशी चौदा टोपल्या भरून उतरत होते. चौथ्या वळणावर व्हॅनने दोन आचके दिले आणि थांबली. मी फोन लावला.

"मिस्त्री, तुझा गोळा मेला. गाडी कोरडी पडली, दिवा लागलाच नाही. बाबांचं अख्खं वर्ष मागे टोपल्यांत आहे. कळ्या उमलल्या तर तुला या दरीत ढकलीन."

"कुठलं वळण?"

"चौथं."

"तिथे दरी खोल आहे," तो म्हणाला. "आलोच."

आला. घामाने भिजलेला, हातात पेट्रोलचा डबा. मी तोंड सोडलं ते सोडलंच. मग आत वाकून त्याने किल्ली फिरवली आणि पुडी उचलली.

पुडीमागे दिवा जळत होता. पिवळा, शांत, खरा.

"केव्हाचा लागलाय, कोण जाणे," तो पुटपुटला.

"काटा झाकलास, दिवा झाकलास. मिस्त्री आहेस की पुजारी?"

"चूक माझीच... पण मी महिनाभर म्हणालो होतो. महिना उलटून तेरा दिवस झाले. काढली का नाहीस?"

दिवस मोजले होते त्याने. त्याचाही राग आला मला.

"तू दिली होतीस म्हणून. तुझ्या अक्षरात माझं नाव आहे म्हणून. झालं समाधान? आता ओत पेट्रोल."

त्याने ओतलं. निम्मं बाहेर सांडलं... त्याचे कान लालभडक झाले होते.

मोटारसायकल तिथेच सोडून भट्टीपर्यंत तो मागे टोपल्यांवर ओली फडकी घालत बसला. पोचलो तोवर बारा टोपल्या वाचल्या होत्या, दोन उमलल्या होत्या. बाबांनी एक फूल उचललं, मग माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काका, चूक माझी आहे," आ-मू म्हणाला.

"असेल. ही विकली जात नाहीत, घरीच रस्सा करतो आम्ही. खायला माणूस कमी पडतं. संध्याकाळी ये."

"त्याला गॅरेज आहे, बाबा."

"बंद ठेवतो," तो म्हणाला.

"मी अजून रागावलेय," मी त्याला बजावलं.

"असू दे. दोन टोपल्या काही एका संध्याकाळी संपत नाहीत."