काकानीलीची कड

विंझगडाच्या पूर्व बुरुजावर झुंजुमुंजू झाले आणि तीन महिने वेढ्यात तग धरलेल्या त्या उपाशी गडाचा अखेरचा दिवस उजाडला. कारण सूर्य कासराभर वर येताच गड गनिमाच्या हवाली करायचा, असा कौल ठरला होता.

तेवढ्यात तटाखालून, कुमक आणायला गेलेल्या सरदारांच्या जासुदाची, सुभानजीची हाक आली. "किल्लेदारसाहेब, गड देऊ नका! परवा कुमक पोहोचते. खूण वर घ्या!"

दोरीला बांधलेली अंगठी वर आली. किल्लेदार हैबतरावांनी ती उजेडात आडवी धरली, अन् त्यांचा चेहरा उतरला.

"दामाशेट, हा खडा काकानीली. समोरून जांभळट निळा, कडेने पाण्यासारखा स्वच्छ. सरदार कुमक आणायला निघाले तेव्हा हीच खूण आम्हा दोघांत ठरली. याची कड दिसतच नाही, म्हणजे खूण पटत नाही. सुभानजी फितला!"

दामाशेट जवाहिऱ्याने अंगठी पाहताक्षणी ओळखली. निघताना सरदारांनी अंगठी त्याच्याकडेच साफ करायला दिली होती. खडा हलत होता; नाजूक जात, ठेच लागली की चिरते, म्हणून ह्या शहाण्याने न विचारता कडेभोवती सोन्याचे कोंदण चढवले. कुणी सांगितला होता नसता उपद्व्याप?

"सरकार, कड मी बुजवली. खडा तोच आहे. सुभानजीला दोर टाका!"

"खूण पटल्याविना कोणी वर यायचे नाही, सरदारांचाच हुकूम आहे. आधी कड उघडून दाखवा."

दामाशेट सळईने सोने खरवडू लागला. तापवायची सोय नाही, ठोकायची नाही. घाई केली तर खडाच दुभंगणार, मग खूण कसली? अन् खाली गनिमाचे स्वार चढणीला लागले होते.

"अरे, पळ बाबा!" तो तटावरून ओरडला.

"पळालो तर निरोप खोटा ठरेल, शेटजी!" सुभानजीने तलवार उपसून तटाला पाठ लावली. "तुमचं काम सावकाश होऊ द्या."

सावकाश! दामाशेटला रडू कोसळले, पण हात त्याने हलू दिला नाही. खाली खणखणाट झाला, मग तोही थांबला.

कड मोकळी झाली. खडा आडवा धरताच पाण्यासारखा स्वच्छ दिसला.

"कौल मोडला! तोफा भरा!" हैबतराव गरजले.

तिसऱ्या दिवशी कुमक आली, गड राहिला. सरदारांनी अंगठी निरखली. "वाहवा शेट! खड्यावर ओरखडासुद्धा नाही."

दामाशेटने मान खाली घातली. सुभानजीला अखेरची अंघोळ घालताना त्याने सतरा वार मोजले होते.