पाण्यात सोडवलेलं तिकीट

मांडवीच्या भिकाजी सुर्व्यांच्या टेबलावर, दाभोळहून राणीच्या काळात सुटलेल्या दुर्मिळ लिफाफ्याचा पार लगदा झाला होता. शाई फुटलेली, तिकिटाची जागा रिकामी. उद्याच्या प्रदर्शनात पहिला मान त्याचाच होता.

पुतण्यानंच हे केलं, असं भिकाजी दात खाऊन सांगत होते. नितेशला बोटीवर नोकरी लागली होती. पोलीस केस झाली की ती गेलीच, आणि म्हाताऱ्याला नेमकं तेच हवं होतं.

खासगी गुप्तहेर मनस्वी शिर्केनं तिकीट कुठंय विचारलं. भिकाजींनी जाडजूड शब्दकोश उचलला. खाली दोन टिपकागदांत राणीछाप तिकीट पालथं, सपाट वाळलेलं होतं.

“चोर न्यायला विसरला वाटतं,” सदूमामा म्हणाले. हे मनस्वीचे मामा. तपासात कायम सोबत, आणि कायम चुकीच्या वाटेला.

काल दुपारी भिकाजी प्रदर्शनाच्या हॉलवर होते. नितेश म्हणाला, मी घरात झोपलो होतो. काकांशी सकाळी वाजलं, हेही त्यानं लपवलं नाही. मनस्वीनं एक जुनं तिकीट त्याच्यासमोर ठेवलं. पठ्ठ्यानं अंगठ्याला थुंकी लावून ते उचललं. भिकाजी कळवळले.

मग शेजारच्या दमयंतीबाई आल्या. भिकाजींचे मित्र रावजी वारले, त्यांच्या या पत्नी. काल दुपारीच त्या आंबोळ्या देऊन गेल्या होत्या. तिकिटांतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, तो नाद ह्यांचा, असं त्या म्हणाल्या. मनस्वीनं तेच तिकीट पुढं केलं. बाईंनी पदराला हात पुसले, टेबलावरचा चिमटा घेतला आणि तिकीट अलगद कडेला धरलं.

मनस्वीनं सगळ्यांना बसवलं.

“चोर लिफाफा नेतो. रागावलेला पोरगा फाडतो. इथं कुणीतरी तिकीट पाण्यात सोडवलं, आणि मुरडू नये म्हणून दाबून वाळवलं. नासधूस करतानाही हाताची सवय सुटली नाही. अशी तिकिटं ज्यानं ढिगानं सोडवलीत, त्याचंच हे काम. दमयंतीकाकू, चिमटा धरायला कुणी शिकवलं?”

बाई शांतपणे भिकाजींकडे वळल्या.

“या भावजींनीच. आमचे हे गेले, तेव्हा म्हणाले, वहिनी, लिफाफे म्हणजे कचरा, तिकिटं तेवढी सोडवून ठेवा. न्हाणीघरात बसून मी ह्यांचा जन्माचा संग्रह भिजवला. मागल्या आठवड्यात शाळेत भावजींचं भाषण ऐकलं. अर्धा शिक्का तिकिटावर, अर्धा लिफाफ्यावर, म्हणून दोन्ही एकत्र असतील तरच मोल. आणि दाभोळचा लिफाफा, आमच्याकडंही होता तसला, आता जिल्ह्यात एकट्या भावजींकडे, म्हणे. माझ्या अंगाची आग झाली.”

मनस्वीनं तक्रारीचा कागद भिकाजींपुढं सरकवला आणि कुणाचं नाव घालायचं ते विचारलं. नाव घातलं असतं, तर कारणही सांगावं लागलं असतं. भिकाजींनी पेन खाली ठेवलं. नितेश आत जाऊन बॅग भरू लागला.

दमयंतीबाईंनी टिपकागद नीट घडी करून भिकाजींच्या हातात दिला.

“जपून ठेवा, भावजी. तिकीट तेवढं सोडवून दिलंय.”