विसावी कॅसेट

वर्गणी भरून पुस्तकं ऐकायची असतील तर माझा सल्ला सरळ आहे. जाडं पुस्तक घ्या. बारीक पुस्तक दोन दिवसांत संपतं आणि मग बदलायला जाईपर्यंत आपण हात चोळत बसतो. दुसरं, वाचणारा कोण ते आधी पाहा. नाटकी वाचणारा असला तर तिसऱ्या कॅसेटला डोकं उठतं. पहिली बाजू तिथल्या तिथे लावून ऐकायची, लाजायचं नाही. मला पैसे वसूल करायची खोड आहे, आणि त्या खोडीपायी मी काय करून बसले तेच आज सांगायचं आहे.

दोन हजार पाच साल. मी चेन्नईत होते, श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. नंगनल्लूरहून कंपनीची बस, जाऊन येऊन साडेतीन तास. बसमध्ये वाचलं की मला मळमळतं आणि झोप लागत नाही. अशात कुणीतरी जॉर्ज टाउनमधल्या बोलक्या पुस्तकांच्या लायब्ररीचा पत्ता दिला. कागदाच्या घाऊक दुकानांच्या वर, अरुंद जिना, वर एकच लांबट खोली. महिन्याची वर्गणी ठरलेली, एका वेळी एकच पुस्तक, पण बदलायला कितीदाही या. मला तर घबाड सापडल्यासारखं झालं. महिन्याभरात मी निम्म्या बसला सभासद करून टाकलं.

लायब्ररी चालवायचे गिरीधरराव. साठीचे, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. तमिळ आणि इंग्रजी पुस्तकांनी भिंती भरलेल्या, आणि कोपऱ्यात एक कपाट मराठीचं. त्या सगळ्या मराठी कॅसेटींवर एकच आवाज होता, त्यांच्या आत्याचा. राजसबाई त्यांचं नाव. शांत, घोटलेला आवाज, शब्दांना किंचित तमिळ हेल. एक परिच्छेद झाला की बाई थांबायच्या. दोन श्वासांइतकी शांतता, आणि त्या शांततेत लांबून एका पुरुषाचं हलकं ‘हं’.

“हे मागे कोण आहे?” मी एकदा विचारलं.

“ते राणोजी. आत्याबाईंचे यजमान,” गिरीधरराव म्हणाले. “आमचे घरची रीत आहे ती. वाचणारापुढें कोणी बसायला पाहिजे, हुंकार घालायला पाहिजे. हुंकार नाही तर वाचन नाही. आणि एकदां हुंकार घातला की मध्येंच उठायचें नाही. उठायचेंच तर रजा मागून उठायचें.” मग ते हसले. “आमचे मराठी ऐकून तुम्हांस हसू येते, ठाऊक आहे मज.”

हसू येत नव्हतं. आमच्याकडेही गोष्ट सांगणारा ‘हं म्हण’ असं बजावायचाच. तुम्ही मात्र आत्ता नुसती मान हलवलीत तरी चालेल.

मे महिन्यात बाबा माझ्याकडे आले, डोळ्यांसाठी. माझे बाबा अनंतराव, वाईला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आई जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. डाव्यात मोतीबिंदू पिकला होता आणि आतला दाब वाढत चालला होता. डॉक्टर गुरुमूर्तींनी अकरा जूनची तारीख दिली आणि बजावलं की ही तारीख चुकली तर हाही डोळा जाईल, मग कुणाच्याच हातात काही नाही.

आयुष्यभर पुस्तकात नाक खुपसून बसलेला माणूस दिवसभर एकटा, अंधुक खोलीत, पंख्याखाली. मला बघवत नव्हतं. मी शनिवारी लोकल पकडून बीच स्टेशनला उतरले आणि थेट गिरीधररावांच्या मराठी कपाटाशी गेले. सगळ्यात वरच्या फळीवर कापडात बांधलेला एक गठ्ठा होता. चोवीस कॅसेटी. एवढं जाड पुस्तक माझ्या नजरेतून सुटलंच कसं?

“तें देत नाही आम्ही,” गिरीधरराव म्हणाले. “घरची हातानें लिहिलेली कहाणी आहे. पुरी नाही झाली.”

“यादीत आहे ना? वर्गणीत यादीतलं सगळं येतं, तुमच्याच पावतीवर लिहिलंय.”

ते भिडस्त गृहस्थ होते. स्टुलावर चढून त्यांनी गठ्ठा काढला.

“सरी, बरें. घ्या. पण ऐकणारास सांगा अम्मा, हुंकार घालूं नका. यांत राणोजींचा हुंकार नाही. ते तेव्हां नव्हते. आत्याबाई एकट्या वाचीत होत्या.”

मी हो हो म्हणाले. नंतर सगळ्यांना मी सांगत आले की बाबांना सांगायचं विसरले. ते खोटं आहे. मी विसरले नव्हते. विज्ञान शिकवलेल्या बापाला असलं काही सांगायची मला लाज वाटली, इतकंच.

आणि बाबांना हुंकाराची सवय जन्माची. फोनवरसुद्धा समोरच्याच्या दर वाक्याला बारीक, नाकातून आल्यासारखं ‘हं’. लहानपणी मी त्यांची नक्कल करायचे. त्या रविवारी मी पहिली कॅसेट लावली. बाईंचा आवाज आला, परिच्छेद संपला, शांतता पडली. राणोजींची जागा रिकामी होती.

“हं,” बाबा म्हणाले.

बाई पुढे वाचू लागल्या. मला गिरीधररावांनी बजावलेलं आठवलं, पण बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. म्हटलं, वसूल झालं.

पहिला आठवडा छान गेला. मी संध्याकाळी घरी आले की बाबा गोष्ट कुठवर आली ते सांगायचे. एक मुलगी परगावाहून आपल्या घरी यायला निघते आणि वाट संपतच नाही, अशी काहीतरी ती कहाणी होती. खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण महालक्ष्मी मामी राहायच्या. त्या दुपारी बाबांना जेवण आणून द्यायच्या. एक दिवस त्यांनी मला जिन्यात थांबवलं.

“सावनी, अप्पाकडे डेली एक लेडी येते ना? कोण? व्हॉइस रोम्ब नल्ला, खूप छान.”

“टेप आहे, मामी.”

“टेप? ती अप्पाला क्वेश्चन विचारते, अप्पा आन्सर देतात.”

मी वर गेले. दिवे बंद होते. बाहेर अजून उजेड होता, पण बाबांनी खिडक्यांची दारं ओढून घेतली होती. खोलीत तपकिरीचा वास होता, उग्र, नाकात बसणारा. आमच्याकडे कुणी तपकीर ओढत नाही. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. समोर टेपरेकॉर्डर फिरत होता आणि त्यातून नुसती खरखर येत होती.

“हं,” बाबा म्हणाले.

“बाबा, कॅसेट संपली आहे.”

“शू… विसावी चालू आहे.”

मी बटण दाबून टेप बंद केला. बाबांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने, बंद टेपसमोर, त्यांनी पुन्हा हुंकार घातला.

मामींनी ठेवलेलं ताट तसंच होतं. वरणावर साय धरली होती. त्यानंतरचे तीन दिवस बाबा खुर्चीतून फार तर मोरीपर्यंत उठले. मी रजा काढून घरी बसले. रागावले, रडले, कॅसेटी उचलून गठ्ठा बांधून ठेवला. काही उपयोग झाला नाही. नऊ तारीख उजाडली. मी म्हटलं, “बाबा, परवा ऑपरेशन आहे. उद्या दाखल व्हायचंय.”

“मला येता येणार नाही, सावनी.”

“डोळा जाईल बाबा!”

“बाई एका ओळीवर अडल्या आहेत.” ते अगदी हळू बोलत होते, शेजारी कुणी आजारी झोपल्यासारखे. “ती मुलगी घरी पोचली. आणि ती दार उघडून पाहते तो… एवढंच. पुढची ओळ त्यांना दिसत नाही. पुन्हा पुन्हा तीच वाचतात. मी हं म्हणतो, तेवढाच त्यांना धीर. मी उठलो तर त्या तिथे अंधारात एकट्या… मला ठाऊक आहे गं ते कसं असतं.”

मामींना वर बसवून मी तशीच जॉर्ज टाउनला गेले. गिरीधररावांनी माझा चेहरा पाहिला आणि खुर्ची पुढे केली.

“हुंकार घातला त्यांनी?”

मी मान हलवली.

“कितवी कॅसेट?”

“विसावी.”

“विसाव्या कॅसेटींत कांही नाही अम्मा. एकोणीस झाल्या आणि आत्याबाईंचे डोळे गेले. पुढल्या पांच कॅसेटी तिनें आधींच नंबर घालून ठेविल्या होत्या, कोऱ्या. रोज तपकीर ओढून वही घेऊन बसत होती, शेवटची ओळ तोंडानें म्हणत होती आणि थांबत होती. तशीच गेली. मी तिचे पुढें बसलों नाही कधीं. मज भय वाटे.” ते खाली मान घालून बसले. “तुम्ही तिच्याशी भांडूं नका. वडिलांसाठीं रजा मागा. हात जोडून मागा. जिवंत असतां ती कोणास नाही म्हणत नसे.”

घरी आले तेव्हा सहा वाजत आले होते. मामी दाराबाहेर जिन्यात बसल्या होत्या. आत बसवत नाही, एवढंच म्हणाल्या आणि खाली गेल्या. मी आत जाऊन बाबांच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसले. टेपचं तोंड उघडं होतं, आत कॅसेट नव्हती. मी हात जोडले.

“बाई… माझ्या बाबांना रजा द्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्यांना दिसू द्या. मला दुसरं कुणी नाही हो. तुम्हाला काय हवं ते… पण त्यांना दिसू द्या.”

पंखा फिरत होता. तपकिरीचा वास एकाएकी इतका दाटला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबा मान कलती करून ऐकत होते. बराच वेळ ऐकत होते.

“हं,” ते म्हणाले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले. “चल. बाई म्हणतात, डोळे करून घ्या. लवकर करून घ्या म्हणतात.”

मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना मिठी मारून रडले. मागचंपुढचं काही विचारलं नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं. ते जेवले, भात मागून घेतला, रात्रभर झोपले. सकाळी जाण्याआधी मी गठ्ठा कापडात बांधून मामींकडे ठेवला, गिरीधररावांना पोचवायला.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता डॉक्टर गुरुमूर्तींनी पट्टी काढली. लख्ख खोली, पांढरा उजेड, खिडकीबाहेर रिक्षांचा गोंगाट. बाबा पलंगावर बसलेले, मी त्यांच्यासमोर उभी, माझ्यामागे नातेवाइकांसाठी ठेवलेली एक खुर्ची, रिकामी. डॉक्टरांनी बोटं दाखवली. तीन, बाबा म्हणाले. मग दोन. डॉक्टर खूश झाले आणि मला इंग्रजीत म्हणाले, त्यांच्या भाषेतलं काही वाचायला द्या.

माझ्या पिशवीत पोस्टाने आलेलं आठवड्यापूर्वीचं मराठी वर्तमानपत्र होतं. मी ते बाबांच्या हातात दिलं. वर कांद्याच्या भावाची बातमी होती. बाबांनी पान डोळ्यांजवळ धरलं, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज बाबांचाच होता. हेल बाबांचा नव्हता.

“आणि ती दार उघडून पाहते तो आंत तिचा बाप बसलेला. तो तिजकडे पाहतो आणि पुसतो, बाई, आपण कोण?”

एवढं वाचून ते थांबले. पान खाली केलं आणि त्या नव्या, स्वच्छ डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिले. शांतपणे. दोन श्वास.

डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. “सुपर!” म्हणून ते नर्सकडे वळले. मी ओठ घट्ट मिटून घेतले. दात ओठांत रुतले, पण मी हुंकार दिला नाही.

तेवढ्यात माझ्यामागच्या रिकाम्या खुर्चीतून तो आला. बारीक, नाकातून आल्यासारखा. लहानपणी मी ज्याची नक्कल करायचे, तोच.

“हं.”

समोर पलंगावर बसलेल्यांनी समाधानाने मान हलवली आणि पान उलटलं.