क्लच डाव्या हातात

"मॅडम, जरा क्लच दाबून सेल मारा बरं."

त्यानं मला सांगितलेलं पहिलं काम हे. आणि मी त्याच्याकडं बघतच राहिले... प्रेमात वगैरे पडून नाही हं. राग आला म्हणून.

परभणीत, वसमत रोडच्या एका शोरूममागं जुन्या गाड्या लावायचं पटांगण आहे. चार दिवसांपासून झड लागली होती. धड पाऊस नाही, धड उघडीप नाही, आभाळ नुसतं डोक्यावर बसलेलं. विकायला आलेल्या गाड्या चिखलात तोंडं पाडून उभ्या होत्या. त्यातच माझी लाल गाडी. छोटी, ठेंगणी, मागं काळा स्पॉयलर, आणि रस्ता मोकळा दिसला की पळायला आतुर. गंगाखेडहून बाबांनी ती आणली होती, सगळ्या वाटेनं दुसऱ्या गिअरमधे. ते नव्या ऑटोमॅटिक गाडीची चौकशी करायला आत गेले, तशी मी हळूच उतरून ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसले. एकदा... शेवटचं म्हणून.

तेवढ्यात हा आला. खांद्यावर छत्री टेकवलेली, एका हातात वही, दुसऱ्या हातात लोहचुंबक. जुन्या गाडीचा भाव ठरवणारा माणूस. दाराला, बोनेटला चुंबक लावत तो गाडीभोवती फिरला. रंगाखाली पुट्टी भरली असेल तर ते चिकटत नाही, एवढं मला माहीत होतं. मग त्यानं दार उघडून खाली वाकून बघितलं आणि माझ्याकडं न बघताच बोलायला लागला.

"गाडी एकाच माणसानं चालवलीय. मालक उंचीनं कमी, तापटपणात जास्त. हॉर्नवरचं चित्र पार पुसून गेलंय."

"रस्त्यात म्हशी असत्यात," मी म्हणाले.

"अन् क्लचचं रबर एकाच कडंनं झिजलंय. गाणं लागलं की पायानं ताल धरायलाव वाटतं तुमी."

खरं होतं. पण अनोळखी माणसाला हे कळावं म्हणजे काय... मला उगीच कानाशी गरम वाटलं. आणि तेव्हाच तो ते सेल मारायचं म्हणाला.

"न्हाई दाबता येत."

"गाडी इकायला आलाव अन् क्लच दाबता येत न्हाई?" तो हसला. हसताना त्याच्या उजव्या गालाला एक बारीक घडी पडायची. मी ती घडी बघितली आणि सलवारीचं डावं टोक वर उचललं.

गुडघ्याखाली फायबरचा पाय. बोटं नसलेलं, बुटात बसवलेलं पाऊल.

"चुंबक चिकटणार न्हाई," मी म्हणाले. "पुट्टी न्हाई भरली, पार्टच बदललाय."

इथं लोक 'अरेरे' म्हणतात. बायका डोळ्याला पदर लावतात. सात महिन्यांत मी सगळे प्रकार बघितले होते. त्यानं मात्र चुंबक खिशात टाकलं, कपाळावरचं पाणी पुसलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"मग गाडी का इकायलाव? गाडीला तर काईच झालं न्हाई."

 काचेवरून पाणी ओघळत राहिलं. आणि मी, सुकेशनी, वय तेवीस, पालमच्या दवाखान्यात रोज चाळीस जणांचं रक्त काढणारी, सुई टोचताना हात न थरथरणारी... मी तिथं स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. तो निघून गेला नाही. नुसती छत्री उघड्या दारावर धरून उभा राहिला, स्वतः भिजत.

त्याचं नाव शंभुराज.

*

जानेवारीत कारखाना जोरात असताना, लाल दिवा नसलेली उसाची एक ट्रॉली संध्याकाळच्या धुक्यात आली. गाडी सर्व्हिसिंगला होती, मी स्कूटीवर होते. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

तेव्हापासून पालमला जायचं म्हणजे एसटी. एसटीची पहिली पायरी किती उंच असते, हे दोन पाय असलेल्या माणसाला कळत नाही. कंडक्टर हात द्यायचा. मी वर चढले की चार जण एकदम उठायचे. चांगलीच माणसं सगळी... पण मला बसायला जागा नको होती. मला माझी गाडी हवी होती.

फायबरच्या पायानं क्लच दाबता येत नव्हता असं नाही. पण पाय पेडलवर आहे का घसरलाय, हेच कळायचं नाही. "त्याला हातक्लच बसवता येतो," शंभुराज बाबांना शोरूमच्या दारातच म्हणाला. "गिअरच्या दांडीला एक लिवर, तिथून केबल खाली पेडलला. हातानं दाबायचं अन् त्याच हातानं गिअर टाकायचा. गाडी हीच राहती."

बाबांनी, म्हणजे रंगनाथ गुरुजींनी, चष्मा पुसला. "अन् आरटीओत नोंद?"

"ती करावी लागती. दिव्यांगाची गाडी म्हणून बुकात येतं."

 परतीच्या वाटेवर सिंगणापूर फाटा गेल्यावर बाबा म्हणाले, "ऑटोमॅटिक गाडी कुणाच्याबी दारात असती, सुकू. दांडीला लिवर असलेली गाडी बघितली की तुला बघायला येणारा पावना घरात येयाच्या आधीच ठरवून टाकतो."

म्हणजे असं. गाडीवर शिक्का बसेल आणि तो माझ्यावर दिसेल. बाबा वाईट नव्हते. बाबा घाबरले होते. आणि घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे फार वाईट असतं.

शोरूमची एक्स्चेंजची ऑफर गणपती उठेपर्यंत होती. तोवर लिवर लावून बघू, नाही जमलं तर गाडी देऊन टाकू... एवढ्यावर मी बाबांना आणलं.

*

रविवारी पॅसेंजरनं तो गंगाखेडला यायचा, खांद्याला हत्यारांची पिशवी घेऊन. आमच्या पत्र्याखाली गाडी, गाडीखाली शंभुराज, ओट्यावर पेपर उलटा धरून बसलेले बाबा.

पहिल्या रविवारी त्यानं माझा हात मागितला. म्हणजे — मापाला.

"पंजा उघडा. आता मूठ करा. सावकाश... हां." त्यानं माझ्या बोटांवर सुताची दोरी लावली. त्याच्या गळ्यातली चांदीची लिंगाची डबी, लिंगायतांच्या गळ्यात असते ती, पुढं झुकून माझ्या मनगटाला लागली, गार. "करंगळी लय बारीक हाय तुमची. तिच्यावर वजन देऊन जमायचं न्हाई."

"असं सगळ्यांचं माप घेता?"

"सगळ्यांच्या गाड्यांचं. माणसाचं पयलंच."

दुसऱ्या रविवारी त्यानं लिवर बसवला आणि लगेच काढला. जरा घासायला हवा म्हणाला. तिसऱ्या रविवारी मोंढ्यात गेलो. आडत बंद, पोत्यांच्या थप्प्यांवर ताडपत्र्या, आणि मधे केवढं तरी मोकळं मैदान. मी स्टिअरिंगवर, तो शेजारी, त्याचा हात हँडब्रेकवर.

लिवर दाबला. पहिला गिअर. सोडला... गाडीनं दोन आचके दिले आणि बंद.

"रक्त काढताना बी असंच झटका देता का?"

"कुणी लय बोलायला लागलं की देते."

पुन्हा. पुन्हा. नवव्या वेळी गाडी निघाली. मऊ, सरळ, डबक्यांतून पाणी उडवत. दुसरा गिअर. सात महिन्यांनी जमीन माझ्या सांगण्यावरून मागं जात होती. मला हसू आवरेना, आणि त्याचा हात हँडब्रेकवरून कधीच उठून गेला होता. तो रस्ता बघत नव्हता.

"समोर बघ," मी म्हणाले. 'तू' कधी झालं, मलाही कळलं नाही.

"समोर तू बघायलीस न्हवं," तो म्हणाला.

चौथा रविवार, पाचवा रविवार. लिवर जरा जड आहे, लिवर जरा सैल आहे. तो घासत राहिला. मी कुरमुऱ्याचा चिवडा करत राहिले. आणि रविवार ते रविवार मधले सहा दिवस... ते एसटीत, ओल्या छत्र्यांच्या वासात, काचेवर बोटानं रेघा ओढत जायचे. एवढं उदास आभाळ आणि एवढी खुळी मी.

सहाव्या रविवारी गणपती उठणार होते. काम झाल्यावर तो गाडीतून उतरलाच नाही. मांडीवर पान्हा ठेवून बसून राहिला.

"आज ऑफर संपती, सुकेशनी."

"मग? लिवर तर होईल ना आज?"

त्यानं पान्हा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "लिवर दुसऱ्याच रविवारी झाला होता. मी नुसतंच घासायलोय तवापून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि गाल तापले, आणि पुढच्याच क्षणी ती ऑफर आठवली.

"म्हणजे ऑफरची मुदत टळावी म्हणून?"

"न्हाई. मला यायला मिळावं म्हणून. पण... ते बी झालंच त्यानं."

वेगळ्या दिवशी हे ऐकून मी विरघळले असते. पण मी लिवरवरचा हात काढून घेतला. "मी कुठं बसायचं, कशानं जायचं, ते बाबा ठरवतात. कुठल्या पायरीवर हात द्यायचा ते कंडक्टर ठरवतो. अन् गाडी इकायची का न्हाई, ते तू ठरवलंस. मला न विचारता. लिवर झालाय एवढं सांगायचं होतं रे... बाकीचं मी बघितलं असतं."

 त्यानं हत्यारं एकेक करून पिशवीत टाकली. बाहेर कुठंतरी ढोल वाजत होते. तो फाटकातून गेला तेव्हा बाबांनी पेपर सरळ केला, पण वाचला नाही.

*

पुढचे दोन रविवार कोणी आलं नाही. गाडी ताडपत्रीखाली. मी फोन केला नाही, त्यानंही नाही. दवाखान्यातल्या सुलाबाई म्हणाल्या, "पोरी, तुझंच रक्त तपासून घी एकदा," तेवढंच कोणी विचारलं. सोयाबीन शेतात काळं पडायला लागलं होतं. बसच्या खिडकीतून बघताना वाटायचं, हे असंच राहणार आता, सगळं.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, मी बससाठी निघत होते आणि तो फाटकात उभा. हत्यारांची पिशवी नव्हती. प्लास्टिकच्या पिशवीत दोन कागद होते. बाबांसमोर ओट्यावर त्यानं ते शेजारी शेजारी ठेवले.

"हे शोरूमचं. ऑफर संपली होती, साहेबाकडनं आजपून आठ दिवस वाढवून घेतलेत. भाव खरा लावलाय, पाडला न्हाई. हे आरटीओचं, गाडीत बदल केल्याच्या नोंदीचं. दोनीवर सहीची जागा कोरी हाय." मग माझ्याकडं बघितलं. "कोणतं बी भर. मी काईच म्हणणार न्हाई."

"अन् मी गाडी ठेवली पण..." बाबा तिथंच होते. तरी विचारलं. "पण तुला परत बोलावलं न्हाई तर? केबल तुटली तर?"

"तर कुठल्याबी मोटारसायकलच्या दुकानात जा. साधी केबल टाकलीय. पालमला मिळती, चुडाव्याला बी मिळती. कुणीबी दहा मिनिटात बदलून दील." तो थांबला. "भारी केबल होती माझ्याकडं. ती टाकली असती तर दर बारीला मलाच बोलवावं लागलं असतं. लय मनात आलं होतं टाकायचं... न्हाई टाकली."

पत्र्याच्या कडेवरून पागोळ्या पडत होत्या. कोणी मला 'तू आवडतेस' असं याच्यापेक्षा स्पष्ट सांगू शकलं असतं, असं मला नाही वाटत.

मी दुसरा कागद उचलला. बाबा म्हणाले, "शिक्का बसंल, सुकू."

"पाय गेलाय, बाबा. तो बुकात लिवल्यानं जायचा न्हाई अन् न लिवल्यानं येयाचा न्हाई."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पायाकडं न बघता, माझ्याकडं. मग त्यांनी आतून चावी आणली आणि ताडपत्री ओढायला लागले. शंभुराजनं दुसरी बाजू धरली.

त्याच दिवशी परभणीच्या आरटीओत गेलो. जाताना बाबा चालवत होते, अर्थातच दुसऱ्या गिअरमधे, आणि शंभुराज मागं अवघडून बसलेला. साहेबांनी लिवर दाबून बघितला, खाली वाकून केबल बघितली, मला मैदानात दोन चकरा मारायला लावल्या, आणि सही केली. लायसन्सचं तेवढं आधीच उरकलं होतं मी, दोघांनाही न सांगता.

आरटीओच्या फाटकाबाहेर शंभुराज उतरला. त्याचं घर इथून चालत दहा मिनिटांवर होतं. आता मी स्टिअरिंगवर होते, बाबा शेजारी, पट्टा आवळून.

"चहाला चला घरी," बाबा त्याला म्हणाले. एवढं म्हणणं त्यांना किती जड गेलं, ते मला माहीत.

"आज न्हाई, गुरुजी." तो माझ्या खिडकीपाशी वाकला. हळू बोलला. "आईनं रविवारी उदगीरला न्यायचं ठरवलं होतं. स्थळ बघायला. मी न्हाई म्हणलो. कुणामुळं, ते बी सांगितलं. परवापून घरात माझ्याशी कुणी बोलत न्हाई. ताट वाढून ठेवतात अन् निघून जातात."

मला त्याच्या आईचा राग आला नाही. तिचं नाव शांतम्मा, एवढंच मला माहीत होतं. आमच्या घरच्या बुद्धमूर्तीसमोर आणि तिच्या देवघरासमोर किती ताटं अशी गार होणार होती, ते कोणालाच माहीत नव्हतं.

"मग रविवारी काय करणार?" मी विचारलं.

"काम तर काईच न्हाई आता."

"काम नसताना ये."

त्याच्या गालाची ती घडी यायला लागली... अर्धी आली आणि थांबली. त्यानं नुसती होकाराची मान हलवली आणि पावसात, छत्री न उघडता, त्या गप्प घराकडं निघाला. वळणावरच्या पाटीआड होईपर्यंत मी त्याला बघितलं.

"चल," बाबा म्हणाले. "अंधार पडायच्या आत पोचू."

मी लिवर दाबला, पहिला गिअर टाकला आणि सावकाश सोडला.