रिकाम्या खोलीची रेघ

प्रयोगशाळेत त्याला सगळे रेघोबा म्हणत. पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे दिवसभर डोळे लावून बसायचं हाच त्याचा धंदा, आणि त्या रेघेपुढे तो बायकोचंही ऐकत नाही अशी त्याची ख्याती होती. काम म्हणाल तर सरळ. लहरी शोषून घेणारा स्पंज बनवायचा आणि तो किती शोषतो ते मोजायचं. पॉलिमरमध्ये कोळशाची बारीक पूड मिसळून ते भट्टीत फुगवलं की पावासारखी जाळीदार, काळी लादी तयार होई. मोबाइलच्या, रडारच्या लहरी तिच्या भोकांत शिरत, आतल्या आत आपटून थकत आणि ऊब होऊन तिथेच जिरत.

"आमच्या ह्यांच्या कानासारखं आहे बघ," काकू म्हणत. "कितीही ओता, परत काही येत नाही."

काकू म्हणजे लाद्या बनवणाऱ्या. भट्टीपाशी केस पिकलेल्या, आवाजानं खणखणीत. त्या आल्याचं अख्ख्या मजल्याला कळे.

रेघोबाची मोजणीची खोली तळमजल्यावर होती. बाहेरून पत्र्यानं मढवलेली, आतून चारही भिंतींना काळ्या स्पंजाचे सुळके. दार लावलं की मोबाइल मुका होई, आणि बोललेला शब्द तोंडापुढेच मरून पडे. स्वतःचं थुंकी गिळणं तेवढं ऐकू येई. मधोमध दोन धातूचे कर्णे समोरासमोर ठेवलेले. एकातून लहरी सुटत, दुसरा त्या झेली. आधी खोली रिकामी असताना रेघ सरळ करून घ्यायची, मग मध्ये वस्तू ठेवायची आणि आपण बाजूला व्हायचं, हा त्याचा नियम. मध्ये माणूस आला तर रेघ धाडकन खाली बसे, नुसतं बोट घातलं तरी थरथरे. "मोजणारा मध्ये आला की मोजणी बोंबलली," हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकवलं होतं, की लोक त्याच्या लग्नाच्या फोटोवरूनही त्याला तेच ऐकवत.

त्या वेळी काकूंनी भोकं आणखी बारीक केली होती. नवी लादी कर्ण्यांमध्ये ठेवली तेव्हा रेघ जी तळाला गेली ती वर येईना. दोघंही खूश झाले. यंत्र बंद करून त्यानं लादी उचलली, तर ती कोमट लागली.

"भट्टीची ऊब असेल," काकू म्हणाल्या.

"भट्टी काल पेटवली होती, काकू."

"मग तुझ्या हाताची असेल. चल, चहा घेऊ."

मोजून झालेल्या लाद्या कापून घरी न्यायची तिथे रीतच होती. ही मऊ होती, म्हणून दोघांनी अर्धी अर्धी वाटून घेतली. काकूंनी आपला तुकडा दुखऱ्या पाठीमागे, खुर्चीला लावला. त्याच्या तुकड्याला बायकोनं फुलाफुलाचा अभ्रा शिवला आणि लेकीला उशी केली. लेक दिवसभर टिवटिव करायची म्हणून घरात तिचं नाव टिटवी. "बाबा, ही उशी आधीच गरम असते," ती म्हणाली आणि तिला मिठी मारून झोपली.

काही आठवडे गेले. कॉरिडॉरमधला दिवा माणसाची चाहूल लागली की आपोआप लागे. एके दिवशी काकू त्याच्याखाली उभ्या होत्या आणि दिवा लागत नव्हता. त्यांनी हात हलवले, पाय आपटले.

"आता दिवेसुद्धा मला विचारेनात," त्या हसून म्हणाल्या. रेघोबानं पाऊल पुढे टाकलं आणि दिवा लागला. सेन्सर जुना झाला असेल, असं त्यानं ठरवून टाकलं.

मग फाटकाजवळचा काचेचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडेनासा झाला. दुसरं कुणी येईपर्यंत त्या बाहेर ताटकळत. पुढे तर चहावाला सगळ्यांच्या टेबलांवर कप ठेवून त्यांच्या टेबलावरून सरळ निघून गेला. काकूंनी खणखणीत हाक मारली, पण त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी टिटवी म्हणाली, "बाबा, बाईंनी आज माझी हजेरीच घेतली नाही. मी हात वर केला होता तरी."

"सारखी बडबडतेस, म्हणून वैतागल्या असतील," तो म्हणाला आणि जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू मोजणीच्या खोलीत आल्या. त्यांनी दार ओढून घेतलं. चेहरा उतरला होता.

"काल रात्री ह्यांनी एकट्यापुरतं ताट वाढून घेतलं. मी समोर बसले होते रे. जेवले, ताट धुतलं, दिवा घालवला." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तुला दिसतेय ना मी?"

"काकू, काहीतरीच काय!"

"मग मोज मला."

त्यानं रेघ सरळ करून घेतली. काकू दोन कर्ण्यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

रेघ सरळच होती.

तारा तपासल्या. स्वतःचं बोट मध्ये घालून पाहिलं, तर रेघ थरथरली. बोट काढलं, पुन्हा सरळ. काकू भल्याथोरल्या मध्ये उभ्या, आणि यंत्राच्या लेखी खोली रिकामी.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

त्यानं पडदा आपल्या अंगाआड घेतला.

"कळलं," त्या हळूच म्हणाल्या. "तुझा तुकडा कुठंय रे? माझ्यासारखा खुर्चीला लावलास का?"

तो धावत सुटला. घरी जाऊन त्यानं उशी ओढून काढली. ती अंगासारखी गरम होती. पिशवीत कोंबून गच्चीवर फेकली आणि तो तसाच शाळेत गेला. टिटवी फाटकापाशी एकटी बसली होती. बाकीची मुलं तिच्या दप्तरावर पाय देऊन जात होती.

त्यानं तिला थेट प्रयोगशाळेत आणलं. कॉरिडॉरमधला दिवा लागला. पण तिचा हात त्याच्या हातात होता, त्यामुळे काय समजायचं ते त्याला समजेना. काकूंची खुर्ची रिकामी होती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला त्यानं विचारलं, "काकू कुठे गेल्या?"

"कोण काकू?"



मोजणीच्या खोलीत टिटवीला भीती वाटली. "इथे आवाज का मरतो, बाबा?"

"थोडा वेळच, बाळा. फोटोसारखं आहे. तिथं मध्ये उभी राहा."

तिनं त्याचं बोट सोडलं नाही. त्यानं हात लांब करून तिला मध्ये उभं केलं आणि मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

रेघ खाली आली होती.

त्याला रडूच फुटलं. "दिसतेस गं! ही बघ, ही रेघ वाकली ना, ती तू!"

"ती मी?" टिटवी हसली.

मग त्याला आपला नियम आठवला. हात मध्ये होता. त्याचा स्वतःचा हात, कोपरापर्यंत.

 त्यानं बोट हळूच सोडवून हात बाहेर घेतला.

रेघ वर आली आणि सरळ झाली.

त्यानं हात पुन्हा मध्ये घातला आणि तिचं बोट घट्ट धरलं. रेघ वाकली. ती वाकलेली राहावी म्हणून हात काढायचा नाही, एवढंच त्याला सुचलं.

टिटवीनं एक पाय उचलला. मग मोकळा हात हलवून पाहिला. मग जागच्या जागी उडी मारली.

"बाबा," ती पडद्याकडे बघत म्हणाली, "मी हलले तरी ती हलत नाही. तू हललास की हलते."